अठ्ठावन्न मिलिग्रॅम

११ मे

ताई,

तुझा लिफाफा मिळाला. उघडायच्या आधी मी त्याचं वजन केलं, बाबांच्या काचपेटीतल्या काट्यावर. एकतीस ग्रॅम. हसू नकोस. आई म्हणाली, एवढा जड आहे म्हणजे बातमी चांगलीच असणार, वाईट बातमीला कुणी इतका कागद खर्च करत नाही.

नऊ वर्षांत तुझी मला चार पत्रं आली. हे पाचवं, आणि त्यात व्हिसासाठी लागतं तसं शिक्क्याचं निमंत्रण. मी ते सहा वेळा वाचलं. त्यात ‘दोन व्यक्ती’ असं लिहिलं आहे. पहिलं नाव माझं आहे आणि दुसरी ओळ कोरी आहे. ती चुकून राहिली की मुद्दाम ठेवलीस, एवढं कळव. आईला विचारलं तर ती म्हणते, “मला जिना चढवत नाही, ढगात कुठं चढवता?” म्हणजे आई नाही. मग घरात उरतं कोण, हे तुलाही माहीत आहे.

आई तुझ्याशी दर रविवारी बोलते. मी फोनवर येत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू गप्प झालीस की मी काहीही बोलून टाकते आणि मग आठवडाभर त्याचं काहूर. पत्राचं बरं असतं, तीनदा फाडता येतं. हे तिसरं आहे.

काल प्रवास कंपनीत गेले. तिथल्या माणसानं भिंतीवरच्या चित्रांकडे बोट दाखवलं. भिंत, राजवाडा, उंच मनोरे. मी तुझ्या शहराचं नाव सांगितलं. त्यानं दोनदा लिहून घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं.

“हे आमच्या यादीत नाही, मॅडम. तिथं कुणी जात नाही.”

“नव्वद लाख लोक राहतात तिथं.”

“राहतात हो. जात कुणी नाही.”

मग विचारलं, तिथं बघण्यासारखं काय आहे? मी म्हणाले, माझी बहीण. तो थोडा वेळ संगणकाकडे बघत बसला आणि म्हणाला, “एका दिवसात होईल ना?”

तुला नकाशाचा खेळ आठवतो? दम्यापायी मी चौथीपर्यंत घरीच होते. बाबा वजनं मांडून बेरीज-वजाबाकी शिकवायचे, आई पावतीपुस्तकावरून वाचायला, आणि तू ॲटलास. जितकं शहर मोठं तितकं अक्षर मोठं, हे तू सांगितलंस. मग तुझा खेळ: सगळ्यात मोठ्या अक्षरातलं असं शहर शोध, ज्याचं नाव आपल्या गल्लीत कुणीच ऐकलेलं नाही. मी शोधून आणायचे आणि तू खिडकीतून शिंपीकाकांना ओरडून विचारायचीस. काका म्हणायचे, “नाही बुवा.” की मला एक गुण. तुझं आताचं शहर मी त्या खेळात कधी शोधलं होतं का, हे मला आठवत नाही. ॲटलास काढून बघितला. अक्षर चांगलंच ठसठशीत आहे. काकांना पुन्हा विचारलं. अजूनही नाही बुवा.

तू लिहिलंस की ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा तिथं सगळा देश सुट्टीवर निघतो. मग १६ ऑक्टोबर कसा वाटतो? आणि थंडी किती, ते अंशांत लिही. ‘गुलाबी’ वगैरे नको.

बाबा बरे आहेत.

गुंज

८ जून

ताई,

तुझं उत्तर आलं. ‘कोरी ठेवलेली ओळ कोरी ठेवलेली असते.’ हे उत्तर आहे की कोडं? आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बापाचीच लेक.

तुझ्या शहरात पूर्व आणि दक्षिण अशी दोन मोठी स्टेशनं आहेत आणि लोक हमखास चुकीच्या स्टेशनावर उतरतात, हे वाचल्यापासून मला झोप नाही. मी दोन्हींची चिनी चिन्हं एका कार्डावर मोठी काढून घेतली आहेत. हॉस्पिटलात औषधांच्या खोलीत माझ्या टेबलासमोर ती चिकटवली आहेत. आमच्या मुख्य बाई म्हणाल्या, “काय गं, नवीन औषध आलं का?” जाता-येता बघते. पूर्व आता स्वप्नातसुद्धा ओळखू येते. दक्षिणेची अजून खात्री नाही.

माझं काम तुला आईनं सांगितलं असेल. लहान मुलांच्या पुड्या मीच करते. एवढ्याशा पोराला एवढीशी पुडी, त्यात चूक झाली तर सुधारायला जागा नाही. प्रत्येक पुडी दोनदा मोजते, बाई म्हणतात तिसऱ्यांदा मोजलीस तर पोराचं लग्न होईल. पण मला तिथं बरं वाटतं. काचेच्या पेटीत काटा थांबेपर्यंत श्वास धरायचा, मग सोडायचा. हे आपल्या दुकानातलंच आहे.

आता बाबांचं. तुझ्या पत्राबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. पण परवा मी ॲटलास उघडून बसले होते तर मागून म्हणाले, “नदी शहराच्या मधून जाते की कडेनं?” मधून, म्हणाले मी. “मग दमट असणार. दमट हवेत काटा नीट राहत नाही.” आणि गेले. दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फॉर्म आणला. आईनं विचारलं, “अहो, कशाला?” तर म्हणे, ओळखपत्र म्हणून उपयोगी पडतो, बँकेत मागतात. फोटो काढायला मी सोबत गेले. कान दिसले पाहिजेत, असं फोटोवाल्यानं तीनदा सांगितलं. बाबा म्हणाले, “कान दिसतात माझे. ऐकू येत नाही तो भाग वेगळा.”

दुकान अर्धं भाड्यानं दिलं आहे. तराजूची दांडी सरळ करायला आता महिन्यातून दोघं-तिघं येतात. बाकी सगळे इलेक्ट्रॉनिक. तू ज्या कारखान्यात काटे तपासतेस, तिथलेच काही इथं येतात असं आई म्हणते. एकदा एक दुरुस्तीला आला होता. बाबांनी उघडला, आतली तपासणीची चिठ्ठी बराच वेळ बघितली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, “हा चांगला तपासलेला आहे. तुम्हीच पाडला असणार.”

माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती तुझ्या दारात येण्याआधी तुला सांगायला हवी. या पत्रात लिहिणार होते. दोन पानं लिहिली आणि काढून ठेवली.

कोट आतून अस्तराचा हवा की साधा?

गुंज

२६ जून

ताई,

या पत्रात प्रवासाचं काही नाही. तिकीट मी अजून काढलेलं नाही. हे वाचून तू निमंत्रण परत घेतलंस तर मला समजेल.

तेरा वर्षांपूर्वी वजनमाप खात्याचे निरीक्षक आपल्या दुकानात आले होते. मानक वजनांची पेटी, निळ्या मखमलीची, तुझ्याकडे असायची. त्या वजनांनी बाकीची वजनं तपासायची, गिऱ्हाइकाच्या कामाला ती कधी वापरायची नाहीत, हा घरातला पहिला नियम. निरीक्षकांनी दोनशे ग्रॅमचं वजन तोललं आणि ते अठ्ठावन्न मिलिग्रॅम कमी भरलं. परवाना चार महिने गेला. दारावर नोटीस लागली. बाबांनी तुला विचारलं, मानक वजन कामाला वापरलंस? तू नाही म्हणालीस. “मग पितळ हवेत उडालं?” असं ते म्हणाले, आणि पुढं जे म्हणाले ते मी लिहीत नाही, तुला पाठ असेल. खोटं बोलणाऱ्या हाती मी काटा देत नाही, एवढंच लिहिते. पुढच्या महिन्यात तू वसतिगृहात गेलीस. मग आणखी लांब. मग तिकडे.

ताई, ते वजन मी घासत होते.

बाबा शनिवारी बाजारातले काटे तपासायला जायचे आणि तू सोबत असायचीस. आई मागे स्वयंपाकात. मी पेटी उघडायचे. बाबा पारड्यांबद्दल म्हणायचे ना, इतकी चकचकीत हवीत की चेहरा दिसला पाहिजे? मला वाटलं, वजनंही तशीच हवीत. ती मळकट तपकिरी होती. निरीक्षक येणार म्हणून घरात सगळे घाबरलेले. मी ठरवलं, पेटी तुझ्याकडे आहे तर तुझी शाबासकी व्हायला हवी. पितळेची भांडी घासायची पूड घेऊन मी ते घासायचे, चौदा शनिवार. बाकीची खाचेत रुतलेली होती आणि चिमट्याला हात लावायची मला बंदी होती. दोनशेच्या वजनाला वर धरायला छोटी मूठ होती, ते बोटांनी निघायचं. म्हणून फक्त तेच.

त्या दिवशी मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अभिमानानं सांगितलं असतं.

अकरा वर्षं मला याचा अर्थच माहीत नव्हता, हे खरं आहे. दोन वर्षांपूर्वी हॉस्पिटलात लागले तेव्हा मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी पेटी उघडून सांगितलं, “ही हातानं धरायची नाहीत आणि चमकवायची तर मुळीच नाहीत. मळकं वजन खरं असतं, घासलं की धातू जातो.” माझ्या हातातला चिमटा खाली पडला. बाईंना वाटलं, नवीन आहे म्हणून.

अकरा वर्षं मला माफ करण्यासारखी आहेत असं मला वाटतं. दोन वर्षं नाहीत. या दोन वर्षांत बाबांच्या समोर मी रोज जेवले.

कोऱ्या ओळीत बाबांचं नाव यावं असं तुला वाटत असेल तर त्याआधी हे तुला माहीत असायला हवं. आणखी काही लिहिलं तर ते स्वतःची बाजू मांडणं होईल.

गुंज

३ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र परवा आलं. सात ग्रॅम. हलक्या कागदाबद्दल आई काय म्हणाली होती ते आठवलं.

‘मी केलं नाही हे मला तेरा वर्षं माहीतच होतं. ज्याला माहीत नाही त्याला सांग. मग तिकीट काढ. कोट अस्तराचा नको.’

एवढंच. मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही. कोटाच्या वाक्याशी दर वेळी रडू आलं.

काल दुकानात जाऊन बाबांना सांगितलं. ते एका जुन्या तराजूच्या दांडीला कानस मारत होते. मी उभ्यानंच सगळं बोलले, शनिवार, पूड, मूठ, हॉस्पिटल. त्यांनी कानस खाली ठेवली. मी जमिनीकडे बघत होते. मग म्हणाले, “किती वेळा?”

“चौदा.”

“नक्की? तेरा नाही?”

“चौदा, बाबा. मी पाटीवर रेघा ओढायचे.”

“कुठली पूड?”

आईनं आतून पुडीच आणून दिली. तीच अजून वापरते. त्यांनी वास घेतला, बोटांत चोळली. मग कपाटातून दुसरं एक दोनशे ग्रॅमचं वजन काढलं, त्याच कारखान्याचं, त्याच वयाचं. माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “घास.”

“आता कशाला, बाबा?”

“कबुली म्हणजे माप नव्हे,” ते म्हणाले. “तेव्हा मी मोजल्याशिवाय बोललो. आता मोजल्याशिवाय ऐकणार नाही. लहान असताना घासायचीस तसं घास. फार जोर नको.”

तर ताई, मी आता रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर एकदा वजन घासते आणि बाबा तोलतात. आकडा पाटीवर लिहितात. चौदा दिवस चालणार आहे. काल पहिल्या दिवशी चार मिलिग्रॅम गेले. तो आकडा बघून ते खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. आई म्हणाली, “अहो, जेवून घ्या.” ते म्हणाले, “थांब, हवा स्थिर होऊ दे.” हवा स्थिरच होती.

मी कंपनीत जाऊन एक तिकीट पक्कं केलं, १६ ऑक्टोबर. दुसरं तीन आठवडे राखून ठेवायला सांगितलं. त्या माणसानं विचारलं, “दुसरं कुणाचं?” मी म्हणाले, ते अजून मोजत आहेत.

गुंज

१९ ऑगस्ट

ताई,

चौदा दिवस झाले. पंचावन्न.

मी सगळे आकडे सोबत लिहिले आहेत. दोन दिवस तीन, एके दिवशी पाच, बाकी चार. निरीक्षकांच्या कागदावर अठ्ठावन्न आहे. बाबांनी तो कागद तेरा वर्षं पेटीतच ठेवला होता, मखमलीच्या खाली.

त्यांनी एक दाखला तयार केला आहे, ते गिऱ्हाइकांना द्यायचे तसा. ‘वजन पितळी, दोनशे ग्रॅम. तूट अठ्ठावन्न मिलिग्रॅम. पैकी पंचावन्न घासण्याने. घासणारी धाकटी मुलगी, वय अकरा. थोरल्या मुलीवर ठेवलेला ठपका पंचावन्न मिलिग्रॅमपुरता चुकीचा होता.’ खाली सही आणि दुकानाचा शिक्का. आईनं वाचलं आणि डोक्याला हात लावला. “लेकीला लिहिताय की खात्याला?” ते म्हणाले, “उरलेल्या तिनाचं कारण सापडलेलं नाही. न सापडलेलं मी सापडलं असं लिहिणार नाही.”

मी म्हणाले, बाबा, माझे हात तेव्हा लहान होते, तीन इकडेतिकडे होणारच. “लहान हात कमी घासतात,” ते म्हणाले, “जास्त नाही.”

ताई, मी फार घाबरले आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी बघितलं आहे. दाखला लिहिताना त्यांनी दोनदा दौत बदलली, शाईला काही झालेलं नव्हतं. पण तिकिटाचं विचारलं की म्हणतात, “अर्धं मोजून कुणाच्या दारात जाऊ?” मला वाटतं त्यांना यायचं आहे आणि तीन मिलिग्रॅम दारात आडवे पडले आहेत. कंपनीचा माणूस तिकीट सोळा सप्टेंबरपर्यंत धरून ठेवतो म्हणाला, त्यापुढे नाही. हे पत्र मी जास्तीचं टपाल लावून पाठवते आहे.

तुला काही सुचतं का?

गुंज

२४ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र बारा तारखेला पोचलं. मी ते वाचून दाखवणार होते, पण बाबांनी हात पुढे केला. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुझं अक्षर हातात घेतलं. आई दारात, हातात पोळपाट तसाच.

त्यांनी मनात वाचलं, म्हणून आम्हाला काही कळेना. मग एकदम भुवया वर गेल्या. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, अगदी सावकाश:

‘ते तीन माझे. एकदा, एकदाच, मी बाजारात न येता दुकानात थांबले होते. गिऱ्हाईक ओरडत होतं आणि साधी वजनं तुम्ही बाजारात नेली होती. मी मानक वजन वापरलं. ते हातातून फरशीवर पडलं. खालच्या कडेला बघा. नाही म्हणाले कारण तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत.’

बाबा उठले. पेटी आणली, भिंग डोळ्याला लावलं, वजन चिमट्यानं उचलून उलटं केलं. मला बोलावलं. कडेला एक टवका होता, तिळाच्या टोकाएवढा. इतकी वर्षं कुणी वजनाच्या पोटाकडे बघितलंच नव्हतं. सगळे आकड्याकडेच बघत होते.

“म्हटलं होतं मी,” बाबा म्हणाले. “म्हटलं होतं की नाही? वापरलं म्हणून?”

“अहो, तीन मिलिग्रॅम,” आई म्हणाली.

“तीन का असेना. म्हटलं होतं.” आणि ताई, ते हसायला लागले. भिंग अजून डोळ्यालाच होतं. हसता हसता ते काढून ठेवलं आणि तोंडावर रुमाल धरला, आणि मग ते हसणं नव्हतं. आई पोळपाट घेऊन आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

थोड्या वेळानं त्यांनी दाखला मागितला. ‘पंचावन्न मिलिग्रॅमपुरता’ ही ओळ तशीच ठेवली. त्याखाली लिहिलं, ‘उरलेले तीन मान्य झाले. सगळ्यांसमोर विचारले ही चूक तपासणाऱ्याची. तिचे वजन करता येत नाही.’ मग तुझं निमंत्रण घेतलं आणि कोऱ्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं, ठळक, ॲटलासातल्या तुझ्या शहराइतकं.

व्हिसा काल मिळाला. कंपनीच्या माणसानं तिकिटं देताना विचारलं, “सहा दिवस तिथं करणार काय?” बाबा म्हणाले, “मुलगी काटे तपासते. कशी तपासते ते बघणार आहे.” त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, “मॅडम, राजवाडा पण बघून या. वाटेत आहे.” वाटेत नाही, मी नकाशात बघितलं. हजार किलोमीटर आहे.

बॅगा तीनदा भरून झाल्या. तेवीस किलोची मर्यादा आहे. बाबांनी दुकानातल्या मोठ्या काट्यावर तोलून बावीस किलो आठशे केल्या आणि दोनशे ग्रॅम जागा मुद्दाम ठेवली. आईनं दिलेल्या डब्यातून थोडं काढावं लागलं, त्यावर दोन दिवस अबोला होता. आता मिटला. ती म्हणते, तुम्ही दोघं जा, मला सहा दिवस कुणी काही तोलायला नको.

आम्ही दक्षिणेकडच्या स्टेशनावर उतरणार. दक्षिण. आता खात्री आहे.

तुमच्या सुट्टीच्या आठवड्यात टपाल अडकलं तर हे पत्र आमच्या मागून पोचेल, म्हणून याची एक प्रत मी पर्समध्ये ठेवली आहे. बाबा दिसायच्या आत तुझ्या हातात देईन. त्यातलं एवढंच वाचलंस तरी पुरे: त्यांच्याशी काय बोलायचं याचा विचार करत उभी राहू नकोस. ते आधी काही बोलणार नाहीत, निळ्या मखमलीची पेटी तुझ्यापुढे करतील. त्यात एकच वजन आहे, तेच टवक्याचं, तेरा वर्षांत पुन्हा मळकं झालेलं, बाबांनी ते पुसलेलंसुद्धा नाही. ते तुला द्यायचं आहे.

चिमटा पेटीतच आहे. हातानं उचलू नकोस, ते बघत असतील.

तुझी,
गुंज